मशीन चालू असताना

बालाघाट जिल्ह्यात लांजीपासून बिरशापर्यंत श्वास घेणारी माणसं पुष्कळ आहेत. पण श्वास घेणं हे कष्टाचं काम आहे, ते पाठ ताठ ठेवून, वेळच्या वेळी आणि जमलं तर चार लोकांच्या देखत करायचं असतं, असं मानणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. ती माझ्या बायकोची मावशी. नात्यानं माझी मावससासू. पण जावयाला सासूचा जेवढा धाक असतो त्याच्या दुप्पट मला तिचा वाटायचा, कारण माझी खरी सासू बोलता बोलता थांबायची आणि मावशी फक्त श्वास संपला की थांबायची. तो संपेपर्यंत वाट पाहायची आणि त्या फटीत आपलं म्हणणं सरकवून द्यायचं, ही युक्ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. पुढे तिचा श्वास फार लवकर संपू लागला, तेव्हा मात्र ती युक्ती वापरायला कुणाचं मन होईना.

मावशीची लालबर्र्याला खानावळ होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगा, आणि आजूबाजूला राईस मिला. मिलांच्या मागे कोंड्याचे डोंगर पडलेले असायचे आणि कोंडा न्यायला कुणी हरकत घेत नसे. पत्र्याच्या डब्यात तो ठासून भरायचा, मधोमध पोकळी ठेवायची आणि खालून पेटवून द्यायचं. अशा शेगड्यांवर मावशीनं ड्रायव्हर, हमाल, बाबू आणि परीक्षेला आलेली पोरं जेवू घातली. कोंड्याचा धूर डोळ्यांना फारसा लागत नाही, गुपचूप आत जातो. मावशी खोकू लागली तेव्हा तिनं मिरचीला दोष दिला, मग गिऱ्हाइकांना, मग नव्या मिलवाल्याला. शेवटी मुलगा तिला बालाघाटला डॉक्टरांकडे घेऊन आला; मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "बाई, बिडी किती वर्षं पीत होता?"

मावशी खुर्चीवरून उठलीच. "डाक्टरसाब, बिडीचा वास आला तं मी नवऱ्याले आंगणात झोपवत होती."

"तुम्ही नसाल प्यायला," डॉक्टर म्हणाले, "पण चुलीनं तुम्हाला पाजली."

हे वाक्य तिला इतकं लागलं की बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "जवाईबुवा, ज्याइले जेवाले घातलं ते सारे सुखरूप घरी गेले, आन् बिल माह्या छातीवर फाडलं." खानावळ बंद झाली. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर होता; त्यानं बालाघाटात आमच्या घरापासून जवळच दोन खोल्या घेतल्या. मी इथल्या शाळेत मास्तर. मावशी, मुलगा, सून आणि रांगती नात असं कुटुंब तिथं आलं, आणि त्यांच्यामागोमाग ते पहिलं मशीन.

नेब्युलायझर हा शब्द मावशीनं कधीच उच्चारला नाही. तिच्या लेखी ते 'मशीन', आणि घरातली बाकीची यंत्रं म्हणजे नुसत्या वस्तू. पहिलं मशीन विटेएवढं होतं, आवाज मात्र आटाचक्कीचा. आत एक पंप, तो हवा रेटायचा. हवा नळीतून औषधाच्या वाटीत यायची, बारीक भोकातून जोरात सुटायची आणि जाता जाता औषध वर ओढून त्याचं धुकं करायची. मावशीनं हे एकदा पाहिलं आणि आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. "फुंकणीच हाये हे," ती म्हणाली. "फुंकणीसमोर पाणी धरलं तं फवारा उडते का नाही? तसं." वाटी उभीच धरायची, आडवी झाली की औषध वर चढत नाही, नळी दातांत धरून तोंडानं हळू श्वास घ्यायचा, शेवटी वाटी फडफडू लागली की टिचकी मारून उरलेले थेंब खाली पाडायचे. ती टिचकी मावशी मडकं विकत घेताना मारतात तशी मारायची, कान लावून. औषध संपलं की चूळ भरायची, कारण त्यातलं एक औषध तोंडात राहिलं तर जीभ पांढरी पडते. चूळ भरेपर्यंत ती एक अक्षर बोलत नसे.

आणि इथंच घरातल्या माणसांना आयुष्यातली मोठी सोय सापडली. मशीन चालू असताना मावशीला बोलता येत नसे. नळी काढली तर औषध वाया जातं, आणि वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे जे काही तिला सांगायला भीती वाटे, ते सगळं याच वेळात सांगितलं जाऊ लागलं. सुनेनं जुनी पितळेची परात मोडीत दिली हे असंच सांगितलं. मुलानं लोकल गाडी सोडून लांब पल्ल्याचा ट्रक धरला हे असंच सांगितलं. माझ्या बायकोनं तर आपल्या बहिणीकडच्या एका भांडणाचा सगळा तपशील एका वाटीत बसवला होता. मावशी डोळे वटारायची, हातानं खुणा करायची, पायानं जमीन ठोकायची; पण धुकं सुटत असायचं आणि ती श्वास आत ओढत असायची. मग चूळ भरून झाली की निकाल. तोवर राग निम्मा झालेला असे, कारण औषधानं छाती मोकळी होऊन तिला बरं वाटत असे. मुलाच्या त्या लांबच्या ट्रकबद्दल तिनं चूळ थुंकून एवढंच म्हटलं, "जाय. पण रोज फोन करजो. मशीन चालू असन तं मंग आयकीन, पण करजो."

विजेशी मावशीचं वैर होतं. हे मशीन भिंतीतल्या विजेवरच चालायचं. वारासिवनीला एका लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. हळदीच्या दिवशी धुळीनं आणि नाचणाऱ्यांच्या पायांनी हवा इतकी भरली की मावशीची छाती शिट्टी वाजवू लागली. मांडवात प्लग एकच, आणि त्यावर डीजे. मावशी नाचणाऱ्यांच्या मधून सरळ चालत गेली, तिनं डीजेची पिन उपटली आणि आपली खोचली. एकदम शांतता. नवरदेवाचे मित्र हात वर केलेले तसेच उभे. मावशीनं नळी तोंडात घेण्याआधी सगळ्यांना सांगितलं, "मी मरत नाही तोवर उभे राहा. मंग नाचा." ती मरत नाही तोवर, म्हणजे औषध संपेतोवर, सगळं वऱ्हाड त्या घरघरीसमोर उभं होतं. आम्ही ही गोष्ट पुढे फार हसून सांगायचो. मावशीही हसायची, पण तेव्हा तिच्या ओठांना आलेला निळसर रंग मी जवळून पाहिला होता, म्हणून माझं हसू नेहमी थोडं आधी संपायचं.

मुलानं तेव्हाच मनावर घेतलं आणि नागपूरहून दुसरं मशीन आणलं. हे दिसायला सुरेख आणि अगदी मुकं. यात पंप नव्हता. तळाला एक चकती होती, ती इतकी भरभर थरथरायची की कानाला कळू नये, आणि त्या थरथरीनं औषध उसळून त्याचं दाट धुकं व्हायचं. काम लवकर संपायचं. मावशीनं पहिल्याच दिवशी संशय घेतला. "आवाज करत नाही तं काम काय करते?" घरातल्या लोकांचीही पंचाईत झाली, मशीन चालू आहे की बंद हे बाहेरून कळेना, आणि सुनेनं एकदा चुकून बंद मशीनसमोर फुटलेल्या बरणीची कबुली दिली.

पण खरी चूक मावशीनं केली. लहानपणी सर्दीला ओव्याची वाफ घेतात, ती तिच्या डोक्यात. एवढं दाट धुकं, त्यात ओवा पडला तर किती गुण येईल, म्हणून तिनं ओवा उकळला, पाणी गाळलं, आणि एका दुपारी सून अंगणात असताना ते मशीनमध्ये ओतलं. काही श्वासांतच तिची छाती आवळली. सुनेनं आत येऊन पाहिलं तर मावशी पलंगाची कड धरून वाकलेली, मानेच्या शिरा वर आलेल्या, आणि बोलायला तोंड उघडलं तरी आवाज नाही. सुनेची हाक ऐकून मी धावलो आणि रिक्षात तिला दवाखान्यात नेलं. वाटेत तिनं माझं मनगट असं धरलं होतं की खुणा बरेच दिवस राहिल्या. डॉक्टरांनी तिला सावरलं आणि मग खडसावलं: वाफ नाकाघशातच राहते, मशीनमधले थेंब इतके बारीक असतात की ते छातीच्या तळापर्यंत जातात, तिथं लिहून दिलेल्या औषधाशिवाय काही जाता कामा नये, ओवा नाही, तेल नाही, नळाचं पाणीसुद्धा नाही. शिवाय त्यांनी सांगितलं की मावशीचं ते दुधासारखं पांढरं औषध या मुक्या मशीनमधून नीट उडतच नाही, तळाशी बसून राहतं. मावशीनं दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या, आणि तिला त्यातली दुसरीच पटली. घरी येऊन तिनं ते मशीन फडक्यात बांधून कपाटावर ठेवलं. "पोरानं आणलं, फेकवत नाही. पण मुकं माणूस घरात नको."

पुन्हा आटाचक्की सुरू झाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका सकाळी, मला सुनेचा फोन आला. ती रडत नव्हती, त्यामुळेच मला कळलं. सिवनीच्या रस्त्यावर धुक्यात दोन ट्रक समोरासमोर आदळले होते. मुलाच्या गाडीवरच्या साथीदारानं तिला कळवलं होतं. "आईले नाही सांगतलं," ती म्हणाली. "मले नाही होत, भाऊजी. तुमी या."

मी वाटेतूनच डॉक्टरांना फोन केला. अशा धक्क्यानं मावशीचा श्वास कोंडेल याची मला भीती होती. ते म्हणाले, आधी औषध देऊन घ्या, बसवून ठेवा, मग सांगा, आणि गाडी तयार असू द्या. मी पोचलो तेव्हा सून वाटीत औषध भरत होती. तिचा हात स्थिर होता. डोळे मात्र कुठेच पाहत नव्हते. मावशी आपल्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसली होती. मला पाहून म्हणाली, "शाळा नाही का आज?" मी नाही म्हटलं. तिनं नळी दातांत धरली आणि सुनेनं बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. मावशी माझ्याकडे पाहू लागली. मशीन चालू असताना माणूस समोर येऊन बसला म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं आहे, हे तिला इतक्या दिवसांत पाठ झालं होतं. ती वाट पाहत होती. तिनं भुवया उंचावल्या, हातानं 'बोला' अशी खूणही केली. मला बोलता येईना. मग तिनं सुनेकडे पाहिलं. सून दाराला टेकून उभी होती, पदराचं टोक दातांत. मशीन चालू असतानाही जे या घरात कुणाला सांगता येत नाही, असं काय असू शकतं, हा विचार मावशीच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिला. तिनं नळी तोंडातून काढली. औषधाचं धुकं तसंच सुटत होतं, वाया जात होतं. हात लांब करून तिनं बटण बंद केलं.

"बोला, जवाईबुवा," ती म्हणाली. "याच्या आवाजात आयकू येत नाही."

मी सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं, कारण फार शब्द नव्हतेच.

मावशी हलली नाही. छातीतली शिट्टी ऐकू येत होती, बस. मग तिनं विचारलं, "हिले मालूम हाये?"

"हौ," मी म्हटलं.

"कवापासून?"

"पहाटेपासून," सून दारातूनच म्हणाली.

"आन् तरी तुनं माहं औषध भरलं." मावशीनं तिला हातानं जवळ बोलावलं आणि आपल्या पायाशी बसवलं. शेजारी भिंतीला भिंत लागून, आतल्या खोलीत लेक झोपलेली, दारात लोक जमू लागलेले. सून रडूच शकत नव्हती. मावशीनं ते पाहिलं. तिनं पुन्हा बटण दाबलं, नळी तोंडात घेतली आणि दुसरा हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. त्या घरघरीच्या आडोशाला सून रडली, मोठ्यानं, तोंड उघडून. वाटीतलं औषध संपलं, वाटी कोरडीच फडफडू लागली, तरी मावशीनं मशीन बंद केलं नाही. टिचकी मारली नाही. नुसती हवा ओढत ती बसून राहिली, डोळ्यांतलं पाणी नळीवरून ओघळत होतं, आणि मशीन चालत राहिलं ते सून शांत होईपर्यंत. मग तिनं चूळ भरली आणि मला म्हणाली, "चला. पोराले आणाले जाऊ."

सगळे म्हणत होते मावशी आता महिनाभर काढत नाही. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. "मले आता मराले सवड नाही," ती म्हणायची. सुनेनं डबे करायला सुरुवात केली, गॅसवर, दोन शेगड्यांवर, आणि मावशी खुर्ची स्वैपाकघराच्या दारात ओढून घेऊन तिला शिकवू लागली. वरणाला फोडणी कधी, शंभर माणसांचा भात मोकळा कसा ठेवायचा, गिऱ्हाइकाशी किती हसायचं आणि कुठं थांबायचं. डबे चालले. त्या कमाईतून सुनेनं पहिली मोठी वस्तू घेतली ती तिसरं मशीन: मुठीत मावणारं, बॅटरीवर चालणारं. यात डोळ्याला न दिसणारी असंख्य भोकं असलेली एक जाळी होती. जाळी थरथरायची आणि औषध त्यातून चाळून बारीक होऊन निघायचं. "फुंकणी झाली, आता हा शेवेचा साचा," मावशी म्हणाली. पांढरं औषधही त्यातून जायचं, डॉक्टरांनी मॉडेल पाहून होकार दिला होता. पण साच्यासारखाच त्याचा स्वभाव; नीट धुतला नाही की भोकं बुजणार. मावशी ते रोज स्वतः धुवायची, जाळीला बोट लावू द्यायची नाही, स्वच्छ फडक्यावर वाळत घालायची आणि माशी बसू नये म्हणून शेजारी पंखा घेऊन बसायची. नातीच्या दुधाच्या बाटलीलाही तेवढा मान नव्हता.

आता ती मशीन तोंडात धरून घरभर हिंडू शकत होती. त्यातूनच एक दिवस एक प्रसंग घडला. लग्नाची मोठी ऑर्डर होती, गॅस संपत आला होता, आणि सुनेनं मागच्या अंगणात कोंड्याची शेगडी पेटवली. मावशी मशीन ओठांत घेऊन मागच्या दारात आली. तिनं एकदा शेगडीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि पाण्याची भरली बादली उचलून वर ओतली. अर्धा शिजलेला भात गेला. बादली उचलल्यानं तिला इतकी धाप लागली की ती तिथंच ओल्या राखेत बसली. सून रागानं म्हणाली, "आई, लोक जेवाले बसतीन, आता काय देऊ?"

मावशीनं धाप थोडी ओसरू दिली. "उपाशी राहू दे," ती म्हणाली. "एक छाती गेली या घराची. दुसरी देत नाही."

शेजाऱ्यांचे सिलिंडर गोळा करून आम्ही ती ऑर्डर पार पाडली.

उन्हाळा लागला की आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला झाडांखालचा पाला जाळतात. हवेत दिवसभर धूर असतो. त्या वर्षीच्या चैत्रात मावशी खालावू लागली. मशीन तेच, औषध तेच, पण उतार पडेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, औषध वाट मोकळी करतं, मास्तर. वाटेच्या शेवटी घरच पडलं असेल तर ते काय करणार. घरी प्राणवायूचं यंत्र आलं. मावशीला एका श्वासात दोन शब्द जमू लागले, कधी एकच. जन्मभर शब्द उधळलेल्या त्या बाईनं आता ते निवडून वापरायला सुरुवात केली. भेटायला आलेल्यांना मान हलवून भागवायची. नातीला एक शब्द द्यायची, तिचं नाव.

एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. सून पलीकडे डबे भरत होती. मावशीनं जे सांगितलं ते इथं एका ओळीत लिहिता येतं, पण तिला त्याला दुपार लागली. एक शब्द, मग डोळे मिटून श्वास, मग पुढचा. मी मधे शब्द सुचवायला गेलो तर हातानं गप्प केलं. "हिचं... लगन... करा. लांजीले... जा. तिच्या... बापाले... सांगा. माह्या... नावानं." मला वाटलं संपलं. मग म्हणाली, "पोरगी... तिच्यासंगंच."

पलीकडे डब्यांचा आवाज मघाशीच थांबला होता. सून आत आली, तिनं मावशीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, उशी वर केली आणि परत गेली. डबे पुन्हा वाजू लागले.

मावशी वैशाखात गेली, सकाळी, खुर्चीवर, ताठ बसलेली. विहारातल्या भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. पांढऱ्या कपड्यांत माणसं पुष्कळ होती. लालबर्र्याचे काही म्हातारे ड्रायव्हर आले होते, ते एकमेकांना तिच्या वरणाबद्दल सांगत होते.

लांजीला जाण्याचं मी लांबवत राहिलो. विषय कसा काढावा कळेना. डबे वाढले होते, नात शाळेत जाऊ लागली होती, आणि सून पूर्वीपेक्षा कमी बोलत होती. वर्ष उलटून गेल्यावर एकदा मी डबा परत द्यायला गेलो होतो. तिनं डबा घेतला, धुतला, पालथा घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊजी, आई तुमाले त्या दिवशी जे बोलली, ते म्या आयकलं होतं."

मी पायात चपला सरकवत होतो, तो थांबलो.

"तवा नाही म्हणत होती मी मनात." तिनं हात पुसले. "तिनं एवढा दम खर्च केला. आता जा तुमी, बाबाले भेटा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि लांजीची पहिली बस धरली. खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुटली तरी तिच्या बापापुढे काय बोलायचं ते ठरत नव्हतं. मावशी असती तर एका दमात बोलून मोकळी झाली असती.